जवळची बाजू

बेडोज अँड सन, गॅरेज
नेदर हॅटन, श्रॉपशायर
रविवार, १४ ऑक्टोबर १९८४

प्रिय क्लेम,

माझी तार तुला मिळाली असेल. तारेत आणखी दोन-चार शब्द घालता आले असते, पण ते कोणते घालावेत हे पोस्टाच्या खिडकीपाशी उभं राहून काही सुचेना. म्हणून हे पत्र. तू बरा असशील, तुमच्याकडे वसंत लागून सफरचंदाची झाडं फुलली असतील, असं धरून चालते. माझं ठीक आहे, गुडघे सोडले तर.

बाबा मंगळवारी सकाळी गेले. अठ्ठ्याऐंशी म्हणजे वय झालंच होतं. त्रास फारसा झाला नाही, निदान त्यांना तरी. शेवटचे तीन आठवडे त्यांची खाट खालच्या खोलीत आणली होती. काही हवं असलं की खाटेच्या लोखंडी दांड्यावर काठीनं तीन ठोके द्यायचे. मी गॅरेजात गाडीखाली असले तरी ते ऐकू यायचे. सोमवारी दुपारी ठोके आले म्हणून हात पुसत गेले, तर म्हणाले, "तू कशाला आलीस? मी क्लेमला बोलावलं." मी म्हटलं, "क्लेम न्यूझीलंडला असतो, बाबा." तर म्हणाले, "अजून?"

सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. झालं ते कळवलं.

शुक्रवारी पुरलं. चाळीसेक माणसं आली. गिरणीवाला प्रीस आता दोन काठ्यांवर चालतो, पण जीभ तशीच आहे. मला म्हणाला, "विनी, आता तरी लग्न कर, आता बाप आड येत नाही." आपले नवे पाद्री चांगले आहेत, फक्त त्यांनी गॅरेजवरचा बोर्ड वाचून भाषण केलं. "बेडोज आणि त्यांचे चिरंजीव यांनी या गावाची निष्ठेनं सेवा केली," असं म्हणाले आणि मागाहून माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या मिस्टरांना यायला जमलं नाही का?" त्यांना मी सून वाटले. बाबांनी तो बोर्ड कधीच बदलला नाही. नवं गिऱ्हाईक विचारतं, 'सन' कुठे आहे, तर मी सांगते, मीच. हसतात आणि किल्ली देतात.

तुझ्या हेस्टरची आई आली होती. मिसेस लेलो आता पंच्याऐंशीच्या आहेत. त्या सगळ्यात मागच्या बाकावर बसल्या, चहाला थांबल्या नाहीत. निघताना फाटकापाशी मला विचारलं, "तो अजून गाडी चालवतो?" मी म्हटलं, "नाही. तेव्हापासून नाही. पायी जातो, नाही तर बसनं." त्या म्हणाल्या, "बरं करतो." एवढंच बोलून गेल्या.

आता कामाचं. बाबांनी घर आणि गॅरेज मला ठेवलंय, त्याबद्दल तुझं काही म्हणणं असेल तर मोकळेपणानं लिही. वेन्लॉक गाडी मात्र आपल्या दोघांच्या नावावर आहे, निम्मी निम्मी. ती मागच्या शेडात ताडपत्रीखाली आहे. शेडाची किल्ली एवढी वर्षं बाबांच्या कमरेला होती, ती आता माझ्या एप्रनच्या खिशात आहे. अजून शेड उघडलेली नाही. दोन मोडक्या गाड्यांमधून आपण तिघांनी तीन वर्षं खपून ती उभी केली आणि तीन आठवडेसुद्धा ती रस्त्यावर राहिली नाही. तिचं काय करायचं ते तू सांग. तू म्हणशील तसं करू.

थंडी सुरू झाली आहे. पंपाचा नळ पुन्हा गळतो.

तुझी बहीण,
विनी


नेदर हॅटन
१८ नोव्हेंबर १९८४

प्रिय क्लेम,

तुझं पत्र बुधवारी आलं. टपालवाल्यानं तिकीट मागितलं, त्याचा पुतण्या तिकिटं जमवतो. ते देताना पाकिटाचा कोपरा फाटला आणि तुझ्या पत्त्यातलं अर्धं अक्षर गेलं. पत्ता मला पाठ आहे, काळजी नको.

तू लिहिलंस, "विक, नाही तर मोड, मला तिच्यातला खिळासुद्धा नको." ठीक. आणि खाली एक प्रश्न विचारलास. तो मी वाचला. तू लिहितोस, "तू त्या सकाळी पंपापाशी उभी होतीस. चौकशीत तू सांगितलंस की मागच्या चाकाला मी दोनच ठोके मारले. मला कधी तीन आठवतात. मग वाटतं, आपल्याला तीन हवे आहेत म्हणून तीन आठवतात. बाबा असेपर्यंत विचारलं नाही. आता एकदा नीट आठवून सांग, विनी. दोनच होते का?"

त्याचं लिहिते. आधी गाडीचं सांगते.

चेल्टनमचे एक मिस्टर रेन्सफर्ड आहेत. जुन्या गाड्यांच्या मंडळात बाबा गेल्याचं कळलं आणि आठवड्याच्या आत हे गृहस्थ दारात. पन्नाशीचे, पिवळा मफलर, हात लोण्यासारखे. वेन्लॉकच्या एकतीस सालच्या दोन आसनी गाड्या आता देशात अकराच उरल्या आहेत म्हणे, आपली बारावी. गेल्या सोमवारी त्यांच्या देखत शेड उघडली. कुलपात तेल सोडावं लागलं. ताडपत्री ओढली तर वरून उंदरांचं घरटं पडलं आणि खाली ती होती. रंग तसाच आहे, क्लेम. तू तीनदा खरवडून पुन्हा दिलेला तो हिरवा. जवळच्या बाजूचा मागचा मडगार्ड अर्थात चेपलेला. ॲशच्या लाकडाचा सांगाडा ठणठणीत आहे, दार लावलं तर एका बोटानं लागलं. सीटच्या कातड्याला बुरशी. मी जाळी उघडून हँडल घातलं आणि अर्धा फेरा फिरवला, तर इंजिन फिरलं. सहाच्या सहा सिलिंडरांनी एकेक सुस्कारा टाकला. बाबा म्हणायचे ना, ही बनवणाऱ्याला इंजिन कळत होतं, ब्रेक कुणीतरी दुसऱ्यानं सांगितले होते. मला हसू आलं आणि मग तिथे हसल्याचा राग आला.

रेन्सफर्डना गाड्या विकत घ्यायचं वेड आहे, त्यातलं कळतं कमी. चाकापाशी वाकून म्हणाले, "मिस बेडोज, हा एवढा एकच नट? मधोमध, दोन कान असलेला? आणि एवढ्यावर अख्खं चाक राहतं?"

"एवढ्यावरच राहतं. तांब्याच्या हातोड्यानं कानावर ठोकून घट्ट करायचा. आमच्याकडे तीन ठोके, गाडी बाहेर काढताना दर वेळी."

"आणि चालताना सैल झाला तर?"

"होत नाही. दोन्ही बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट असतात. डावीकडचा नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं घट्ट होतो, उजवीकडचा उलट्या दिशेनं. गाडी पुढे धावली की चाकच नटाला आवळत नेतं. जितकी धावेल तितका घट्ट."

"कमाल आहे. आणि चुकून इकडचं तिकडे बसवलं तर?"

मी म्हटलं, "तर जितकी धावेल तितका सैल." आणि म्हटलं, चला, चहा घेऊ.

त्यांना गाडीची सगळी हकीकत लिहून हवी आहे. आता अशी पद्धतच पडली आहे. गाडीबरोबर तिची एक फाइल जाते, कोणी घेतली, कोणी काय बदललं, कुठे आपटली, सगळं त्यात. आणि घेण्याआधी त्यांचा माणूस मागचा आस उघडून बघणार आहे. मी म्हटलं, त्याची गरज नाही, मी स्वतः उघडून साफ करून ठेवते. ते म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता?" मी म्हटलं, ते माझ्या हातचं काम आहे, ते दुसऱ्या कोणी उघडलेलं मला आवडायचं नाही.

तुला आठवतच असेल. त्या मार्चमध्ये बाबा कंबर धरून झोपले होते, तू गिअरबॉक्सवर होतास आणि मागचा आस मी एकटीनं जुळवला. बाविसाव्या वर्षी. अंथरुणातून बाबा सगळ्यांना सांगायचे, "पोराला जीभ दिलीय, हात पोरीला दिलेत." तू शेजारी उभा असलास तरी सांगायचे. आपल्यात त्यांनी कायम डावं-उजवं केलं, आणि मला त्यात गोड वाटायचं, हे आज लिहून टाकते.

उद्यापासून आस उघडायला घेणार. तुझ्या प्रश्नाचं राहिलंच, पण कागद संपला.

तुझी बहीण,
विनी


नेदर हॅटन
२ डिसेंबर १९८४

क्लेम,

मागच्या वेळी कागद संपला नव्हता. पाठची अख्खी बाजू कोरी होती, ते तुला दिसलंच असेल. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

आधी मी काय केलं ते सांगते, मग बाबांनी काय केलं ते.

मार्चमध्ये आस लाकडी घोड्यांवर ठेवून मी सोडवला, तेव्हा चाकं ज्यांवर बसतात ते दोन्ही बाजूंचे हब आणि त्यांचे नट वेगळे बांधून ठेवले. ते दोन मोडक्या गाड्यांतल्या जळालेल्या गाडीचे होते, घासूनपुसून नवा मुलामा दिलेले. नट कोणत्या दिशेनं सोडायचा तो बाण आणि बाजूचं नाव त्या घासण्यात कधीच गेलं होतं. म्हणून मी पितळेच्या पट्ट्यांवर 'डावा', 'उजवा' असं कोरून त्या तारेनं बांधल्या. बाबा कधी डावं-उजवं म्हणू द्यायचे नाहीत. जवळची बाजू आणि लांबची बाजू. घोड्यावर जिकडून चढायचं ती त्याची डावी, म्हणजे जवळची, पलीकडची ती लांबची, तू कुठेही उभा राहा, घोड्याची बाजू बदलत नाही. "समोरच्या माणसाला डावा हात वर करायला सांग, मग तुला कळेल," असं म्हणून ते तुझ्या आणि माझ्या डोक्यात टपली मारायचे. पण ते वर झोपले होते, आणि मला ते सगळं म्हाताऱ्या घोडेवाल्यांचं बोलणं वाटायचं. मी आसाच्या नाकासमोर उभी होते, म्हणजे गाडीच्या पुढून मागे बघत. माझ्या डाव्या हाताला जो हब आला त्याला मी डावा म्हटलं. तीन आठवड्यांनी, बेअरिंगं आल्यावर, तो मी गाडीच्या डाव्या बाजूला बसवला. पट्टी बघून, अगदी काळजीपूर्वक.

दोन्ही बाजू उलट्या झाल्या. बाबा उठले आणि मी विचारलं, बघता का, तर म्हणाले, "तू केलंयस ना?" आणि बघितलं नाही. चौकशीत त्यांनी सांगितलं की आपण स्वतः तपासलं. ते खोटं होतं.

मे महिन्यात बाबांनी ती चर्चपर्यंत नेली, गिरणीपर्यंत नेली, दोन-दोन मैल. दर वेळी निघताना तीन ठोके. तेवढ्यात नट सैल व्हायला वेळच मिळत नव्हता. चौतीस मैल एका दमात ती पहिल्यांदा गेली ती त्या सोमवारी, हेस्टरच्या आईकडे चहाला. मिलब्रुकच्या उतारावर जवळच्या बाजूचं मागचं चाक निघालं. हेस्टर त्या बाजूला बसली होती. हे तुला मी सांगायला नको.

तुझं लग्न होऊन चार महिने झाले होते.

मंगळवारी सकाळी लॉरीनं गाडी अंगणात आणून टाकली. तू वर खोलीत होतास, बाबा पोलिसांशी फोनवर बोलत होते. मी ताडपत्रीचा कोपरा उचलला. हब उघडा होता. आट्यांवरून नख फिरवलं तर ते चुकीच्या दिशेनं वर चढलं. पुन्हा फिरवलं. मला उभ्याउभ्या कळलं आणि मी ताडपत्री खाली सोडली. मी तेव्हा तुझ्याकडे यायला हवं होतं. जिन्याच्या चौदा पायऱ्या होत्या. मी पंपापाशी गेले आणि एका गिऱ्हाइकाला पेट्रोल भरून दिलं.

गुरुवारी चौकशी झाली. सगळे म्हणत होते, पोलिसांच्या तपासनिसाला यंत्रात दोष सापडलेला नाही. मला वाटलं, एवढं ढळढळीत याला दिसलं नाही म्हणजे हा आंधळा आहे, आणि आता सगळं माझ्या एका वाक्यावर आहे. मला विचारलं, "मिस बेडोज, तुम्ही हजर होता. त्या चाकाच्या नटाला किती ठोके मारले गेले?" तीन म्हटलं असतं तर त्यांनी आस पुन्हा उघडायला लावला असता. मी म्हटलं, "दोन. दोनच ऐकू आले."

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. जणू आपल्यालाच काही आठवत नव्हतं ते मी आठवून दिलं, तसा. मान हलवलीस. आणि जबाबात म्हणालास, "माझी बहीण म्हणते तसंच असेल, मी घाईत होतो."

का केलं, ते सांगते, सबब म्हणून नाही. गाव म्हणालं असतं, पोरीच्या हाती गाडी दिली की हे असं होतं. मला पुन्हा पाना हातात मिळाला नसता. मला ते काम हवं होतं. तुझी बायको चर्चमध्ये पेटीत होती आणि मला माझं काम जायला नको होतं. याहून मोठं कारण मी सव्वीस वर्षं शोधलं, पण नाही.

आता बाबांचं.

गेल्या महिन्यात मी आस उघडायला घेतला तो यासाठी, की रेन्सफर्डच्या माणसाच्या आधी हब गुपचूप सरळ करून टाकावेत. हेही कबूल करते. तुझं पत्र खिशात होतं आणि तरी माझा बेत तो होता. निघालेलं चाक बाबांनी तेव्हाच परत चढवून ठेवलं होतं. त्या जवळच्या बाजूचा नट सोडवायला हातोडा मारला, माझ्या चुकीप्रमाणे ज्या दिशेनं सुटायला हवा त्या दिशेनं. हलेना. उलट्या बाजूनं मारला तर सुटला. मी खाली बसले. चाक काढलं, आटे बघितले. बरोबर होते. लांबच्या बाजूचं चाक काढलं. तेही बरोबर. दोन्ही हब जिथे असायला हवेत तिथे होते.

क्लेम, त्या थंड फरशीवर बसून अर्धा तास मी सुखात होते. वाटलं, माझी चूक नव्हतीच. भीतीपोटी त्या सकाळी मला भलतंच दिसलं, बावीस वर्षांच्या पोरीला दिसेल तसं. मग मी ब्रेकचा ड्रम काढला आणि कंदील आत धरला.

बाबांची सवय तुला माहीत आहे. कुठलाही भाग बसवला की आत दिसणार नाही अशा जागी खूण. जवळच्या बाजूला एक टिंब, लांबच्या बाजूला दोन, आणि खाली तारीख. उद्या कोणी उघडलं तर त्याला कळावं, कोणी केलं आणि कधी. दोन्ही हबच्या पाठी त्यांची टिंबं होती. बरोबर होती. आणि तारीख होती २८ मे ५८.

तो बुधवार. चौकशीच्या आदल्या दिवशीचा. त्या सकाळी त्यांनी मला लडलोला पाठवलं होतं, काळं कापड आणि हॅम आणायला, आणि तुला प्रीसबरोबर हेस्टरच्या आईकडे. तपासनीस दुपारी आला. तो आंधळा नव्हता. त्यानं बघितलं तोवर सगळं जिथल्या तिथे होतं. खोटं करतानासुद्धा त्यांना तारीख घातल्याशिवाय राहवलं नाही.

म्हणजे मी 'दोन' म्हणाले तेव्हा दोन बाकं सोडून बसलेल्या बाबांना माहीत होतं की मी खोटं बोलते आहे, आणि का बोलते आहे तेही. त्याच संध्याकाळी कबरीपाशी सगळ्यांदेखत त्यांनी तुला विचारलं, "तीन का नाही मारलेस?" जुलैत तू बोटीत बसलास. स्टेशनवर ते आले नाहीत. मला वाटलं, त्यांना तुझा राग आहे. तुझ्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता म्हणून आले नाहीत, हे मला आज कळतंय. मग सव्वीस वर्षं आम्ही दोघं एका टेबलाशी जेवलो. मला वाटायचं, यांना कळलं तर मरतील. त्यांना वाटत असेल, हिला कळलं तर मरेल. कोणी मेलं नाही. बटाटे वाढ म्हणायचे, वाढायची.

त्यांनी मला वाचवलं, असं कोणी म्हणेल. मला त्यांचा राग येतो, इतका की बोर्ड उतरवायला शिडी लावली होती. मग वाटलं, हा राग बरा आहे, त्यांच्यावर काढला की माझ्या वाट्याचा कमी होतो. शिडी परत नेऊन ठेवली.

मिसेस लेलोंकडे मी काल जाऊन आले. बसनं गेले. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "तो दर नाताळला मला कार्ड पाठवतो. सव्वीस आली. मी एकही उघडलं नाही." कपाटातून काढून टेबलावर ठेवली आणि मला जायला सांगितलं.

फाइलमध्ये मी पान लिहिलं आहे, शाईनं. मागच्या आसाचे हब कोणी उलटे बसवले, कोणी ते सरळ करून लपवलं आणि चौकशीत खोटं कोण बोललं, तिन्ही नावांनिशी. दोन नावं माझीच आहेत. त्याची एक प्रत चौकशीच्या कचेरीत पाठवली, तिथे आता कोणाला त्याचं काय करायचं कळेल की नाही, कोण जाणे. रेन्सफर्डना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, अशा हकिकतीनं गाडीला वजनच येतं. मी त्यांना चहा न देता वाटेला लावलं. गाडी तुझी आहे, माझा हिस्सा मी सोडला. मोड म्हणालास तर स्वतः मोडीन, आणि माझ्याशी पुन्हा बोललास नाहीस तर तेही मला कळेल.

आता तुझा प्रश्न.

मी पंपापाशी उभी होते. हेस्टर गाडीत बसून हातमोजे चढवत होती आणि म्हणत होती, "क्लेम, चल ना, आई वाट बघत बसेल." तू हसलास आणि म्हणालास, "थांब गं, नाही तर म्हातारा मला फाडून खाईल." घाई केली नाहीस. आधी पुढची दोन, मग मागची लांबची, मग वळसा घालून तिच्या बाजूला आलास. तिथे हातोडा उचललास तेव्हा तिनं कानांवर हात ठेवले. तीन मारलेस. चारही चाकांना तीन-तीन. तीस मारले असतेस तरी ते निघालंच असतं.

बारा ठोके, क्लेम. मी मोजले होते.

तुझी साक्षीदार,
विनिफ्रेड बेडोज